दुगाडचा चढ

चाळिशी ओलांडलेला माणूस सायकलवर दिसला, की आमच्या टिटवाळ्यात लोक दोनच तर्क करतात : एक तर त्याची लोकल चुकत आली असावी, नाहीतर डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितला असावा. गेल्या डिसेंबरात एका रविवारी पहाटे सायकल काढून मी म्हणालो, “जरा लढाईवर जाऊन येतो,” तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तिसराच तर्क केला. तो इथे सांगण्याजोगा नाही.

लढाई मात्र खरी होती. १२ डिसेंबर १७८० ची. ठिकाण दुगाड, भिवंडीच्या उत्तरेला. शहाड, कल्याण, दुर्गाडीचा पूल, भिवंडी आणि मग वाड्याचा रस्ता, अशी ही वाट. ज्या कल्याणात आपण आज गाडी बदलतो, ते १७८० साली इंग्रजांच्या हाती पडले होते. पुढे जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला आणि मराठी फौजेने पाठीवर येऊ नये म्हणून हार्टली हा सेनानी दुगाडला तळ देऊन बसला. त्याच्यावर चालून गेले रामचंद्र गणेश. पानिपताचा डाग धुऊन काढण्यासाठी १७६९ साली माधवराव पेशव्यांनी जे सरदार उत्तरेत धाडले, त्यांतले हे एक प्रमुख.

भिवंडी मागे पडली, तरी गुदामे आणि ट्रक काही मागे पडत नाहीत. त्यांची धूळ खात मी पुढे निघालो. हळूहळू टेकड्या दिसू लागल्या आणि रस्ता चढाला लागला. इतिहासाच्या पुस्तकात ‘इंग्रजांनी उंचवटा धरला होता’ हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचले असेल. पण त्याचा अर्थ मला पोटऱ्यांनी सांगितला. मोटारीला चढ कळत नाही. सायकलवाल्याला मात्र हातभर चढदेखील चुकवता येत नाही. वर तोफा रोखलेल्या असताना हाच चढ पायी चढणाऱ्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न दम लागलेल्या माणसालाच नीट पडतो.

आधीचे हल्ले फुकट गेले होते. त्या सकाळी दाट धुके पडले. त्याचा आडोसा घेऊन रामचंद्र गणेश निवडक लोकांनिशी स्वतः त्या उंचवट्यावर चालून गेले. ते जवळ पोहोचले आणि धुके एकाएकी विरले. वरच्या तोफा बोलू लागल्या. रामचंद्र गणेश पडले, फौज मागे फिरली. मनाला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या वसईसाठी हा आटापिटा, तिने आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, शरणागती पत्करली होती!

चहाच्या टपरीवर मी विचारले, “इथे लढाई झाली, ती कुठे हो?” चहावाल्याने गाळणी झटकली. “कसली लढाई? जमिनीची काय?” त्याला हसण्याचा मला अधिकार नव्हता. गुदामांच्या मुलखात त्याला ठाऊक असलेली लढाई तीच.

तिथून थोडे पुढे वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांनी वसईसाठी नवस केला, १७३९ साली वसई घेतली आणि नवस फेडायला देऊळ बांधले. तिथे पायऱ्यांवर गर्दी होती, हार होते, नारळ होते. विजयाला देऊळ मिळते. मोठ्या पराभवाला निदान भाषेत जागा मिळते. ‘पानिपत झाले’ असे आपण मुलाच्या गणिताच्या पेपराबद्दलही म्हणतो. पण दुगाडला ना देऊळ, ना वाक्प्रचार. मी मराठी शिकवतो, म्हणून ही उणीव मला जरा जास्तच टोचली.

पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. तहाच्या कागदावर मुलूख परत येतात, माणसे येत नाहीत. त्यांची आठवण ठेवायला दरवेळी चिरेबंदी स्मारकच लागते असे नाही. आपल्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर कोण पडले, हे ठाऊक असले तरी पुष्कळ झाले. वाडा रस्त्याने जाणे झाले, तर मोटारीतून का होईना, त्या चढावर जरा वेग कमी करा. मागचा ट्रकवाला कर्णा वाजवील, वाजवू द्या.