सभासद, देणगीदार आणि दूरध्वनी

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ साली जिंजीला शिवछत्रपतींची बखर लिहिली. बखर वाङ्मय शिकवताना वर्गातले कोणीतरी हटकून विचारते, की 'सभासद' हे त्याचे आडनाव का? ज्याला राजसभेत बसण्याचा मान तो सभासद, एवढे सांगून पुढे जाता येते. पण त्या बखरीच्या जन्मकथेतच शब्दाचा आणखी एक अर्थ दडलेला आहे: ज्याला विचारले जाते आणि ज्याने सांगायचे असते, तोही सभासदच. 'सदस्य' हा शब्द तर याहून जुना. श्रौत यज्ञात 'सदस्य' नावाचा एक ऋत्विज असे. इतरांचे कर्म यथासांग चालले आहे की नाही, यावर देखरेख ठेवणे हे त्याचे काम. दोन्ही शब्दांत बसणे आहे आणि बसून बोलणे किंवा पाहणे आहे. पैसे देणे दोहोंतही नाही.

हे सारे आठवण्याचे कारण अगदीच गद्य आहे. नद्या आणि जंगले यांच्या प्रश्नांवर लढणाऱ्या एका संस्थेची मी २०१६ पासून 'सदस्य' आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवर उभ्या असलेल्या दोन तरुणांनी एका संध्याकाळी माझ्याकडून अर्ज भरून घेतला आणि तेव्हापासून दरमहा ठरावीक रक्कम माझ्या बँक खात्यातून परस्पर जाते. त्याबद्दल तक्रार नाही. संस्थेचे काम मला पटते, आजही पटते. पण तेव्हापासून तिचे फोन येतात, आणि ते मी पैसे देते म्हणून येतात. ज्या सहकाऱ्यांनी त्या संध्याकाळी त्या मुलांना हसून टाळले, त्यांना आजवर एकही फोन आलेला नाही.

भाषेच्या शिक्षकाला असा फोन निव्वळ उपद्रव म्हणून ऐकता येत नाही. तो संहिता म्हणून ऐकू येऊ लागतो. सुरुवात हिंदीत होते. पलीकडच्या मुलीने माझे 'बोला' ऐकले की ती मराठीत येते, पण ते मराठी तिचे नसते. "मी अमुक मॅडमशी बोलत आहे का?" असे ती विचारते. आपल्याकडे फोनवर माणूस "अमुक मॅडम आहेत का?" असे विचारतो, स्वतः कोणाशी बोलतो आहोत हे समोरच्याकडून पडताळून घेण्याची रीत मराठीत नाही. मग "आपला दिवस कसा चालला आहे?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे मला अजून उमगलेले नाही. त्यानंतर 'आपल्यामुळेच हे शक्य झाले' अशी एक शुभवार्ता, तिच्या पाठोपाठ एक संकट, आणि संकटाच्या शेवटी आकडा. पाचशेचे आठशे करता येतील का? नाही म्हटले, की सहाशे. तेही नाही म्हटले, की यंदापुरती एकदाच काही रक्कम. या पायऱ्या ती मुलगी योजत नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर त्या कोणीतरी आधीच बांधून ठेवलेल्या असतात. संपूर्ण संवादात 'परिवार' येतो, 'योगदान' येते, 'साथ' येते. 'मागणे' हे क्रियापद मात्र एकदाही येत नाही.

मराठीला मागण्याची लाज कधीच नव्हती. जोगवा मागतात, माधुकरी मागतात, पसायदानही मागतात. वासुदेव दारात येतो तेव्हा कशासाठी आला आहे याबद्दल कोणाच्या मनात संशय नसतो, आणि दान घेतल्यावर ते कोणाकोणाला पावले हे तो देवांची नावे घेऊन सांगतो. आजच्या भाषेत म्हणायचे, तर दारातच पावती फाडून देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या मागण्यांना मर्यादा होत्या. माधुकरी ठरलेल्या घरीच मागायची. घरे संपली की झोळीत पडले असेल तेवढ्यावर भागवायचे. वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचे प्रत्येक घर आठवड्यातून एकदाच येत असे. सोमवारच्या घराने पोटभर वाढले, म्हणून मंगळवारीही त्याच दारात उभे राहायचे नसते. मागणाऱ्याचा संयम रीतीतच विणलेला होता आणि देणाऱ्याला वेगळे दार लावून घ्यावे लागत नव्हते. दूरध्वनीची रीत नेमकी उलटी आहे. ज्या घराने वाढले, तेच घर पुन्हा गाठायचे, आणि जितके वाढले असेल तितक्या लवकर गाठायचे.

अर्थात जुने ते सारे सोने, असे मला म्हणायचे नाही. माधुकरीच्या रीतीत जात होती. आणि गणपतीची वर्गणी मागायला सात-आठ जणांचे टोळके दारात उभे राहते, तेव्हा त्याला वर्गणी म्हणावे की खंडणी, असा प्रश्न नाशिकच्या कोणत्याही दुकानदाराला विचारून पाहावा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ क आहे, आणि वर्गणी गोळा करण्याआधी मंडळांनी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, ती उगाच नव्हे. तरीही त्या टोळक्यातला एखादा मुलगा आपल्या गल्लीतला असतो. 'गेल्या वर्षी मांडव रस्त्यात का घातलात?' असे त्याला दरडावून विचारता येते.

सार्वजनिक कामासाठी पैसा जमवण्याची महाराष्ट्रातली परंपरा या विचारता येण्यावरच उभी होती. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. ज्याने एक पैसा दिला, त्याला तो कारखाना आगगाडीने जाऊन पाहता येत होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८८६ साली मुरूड फंड सुरू केला तो आपल्या गावच्या माणसांसाठी, गावच्याच माणसांकडून. पुढे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी पुन्हा निधी जमवायला घेतला. अण्णा येताना दिसले की काही जण मागच्या दाराने निघून गेलेच असतील; माणसे तेव्हाही माणसेच होती. पण मागायला स्वतः अण्णा येत होते. ज्याने काम उभारले आणि ज्याला त्या कामाबद्दल काहीही विचारता येईल, तोच माणूस दारात होता.

अलीकडचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. ऐंशीच्या दशकात पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन देता यावे, म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी जमवला गेला. त्यासाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. प्रेक्षकाने तिकीट काढले, नाटक पाहिले, पोटभर हसला आणि घरी गेला. त्याच्याकडून पैसे घेतले गेले, पण नाटकाचा आनंद त्याला दिला गेला. निधीच्या नावातला 'कृतज्ञता' हा शब्दही पाहावा. कार्यकर्त्यांनी समाजाचे आभार मानावेत असे त्यात नाही. समाज कार्यकर्त्यांचे ऋण मानतो आहे. फोनवरच्या संहितेत हे नाते फिरते. तिथे संस्था माझे इतके आभार मानते, की आपण काहीतरी विकत घेतले असावे असे वाटू लागते.

संस्थांची बाजूही आहे आणि ती हलकी नाही. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली जी दुरुस्ती झाली, तिने परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यास बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. शाळा बांधणाऱ्याला उद्योगसमूह पैसे देतात; धरणाला किंवा खाणीला विरोध करणाऱ्याला ते का देतील? तेव्हा लढणाऱ्या संस्थेला सामान्य माणसाच्या पाचशे रुपयांखेरीज दुसरा स्वच्छ आधार नाही. हे मला कळते, म्हणूनच फोन आपटता येत नाही. विमा विकणाऱ्याला 'नको' म्हणताना मनात काही खुपत नाही. इथे प्रत्येक नकाराबरोबर एखादी नदी नाकारल्यासारखे वाटते. संहिता लिहिणाऱ्याला हे माझ्याहून चांगले ठाऊक असते.

कायदा येथे फारसा कामाला येत नाही. नको असलेल्या व्यापारी फोनांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली नोंदवही सुरू केली आणि पुढे २०१० व २०१८ साली नियम नव्याने केले. १९०९ या क्रमांकावर कळवून बँका, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे प्रकार निवडून बंद करता येतात. त्या प्रकारांत देणगीचा रकाना नाही; आणि ज्याला आपण संमती दिली आहे, त्याला ही नोंदवही अडवत नाही. अमेरिकेत २००३ साली अशीच नोंदवही झाली, तिच्यातून धर्मादाय संस्था वगळल्या गेल्या. निधीसाठी ध्वनिमुद्रित फोन करण्याची मुभा तेथील नियमांनी व्यावसायिक कंपन्यांना दिली, पण फक्त संस्थेच्या सभासदांना आणि पूर्वीच्या देणगीदारांना! म्हणजे ज्याने एकदा दार उघडले, त्याच्या दारी यंत्रही उभे करता येते. जुने नाते ही नवी परवानगी, असे सगळीकडचे गृहीतक दिसते.

इंग्लंडमध्ये ते थोडे हलले, तेही एका मृत्यूनंतर. ब्रिस्टलच्या ऑलिव्ह कुक अनेक दशके युद्धस्मृतीची कागदी फुले विकून निधी जमवत असत. मे २०१५ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्याला संस्था जबाबदार नाहीत असे कुटुंबीयांनी स्पष्ट सांगितले, पण मदतीच्या विनंत्यांचा त्यांच्यावर किती भडिमार होत होता, ते त्यानिमित्ताने बाहेर आले. चौकशीत त्यांचे नाव-पत्ता ९९ संस्थांकडे असल्याचे आढळले. त्यांतल्या कित्येकांना तो इतरांकडून मिळालेला होता. पुढे निधिसंकलनावर नवा नियामक आला, आणि २०१७ पासून 'या संस्थेने मला संपर्क करू नये' असे तिसरीकडेच नोंदवण्याची सोय झाली. आपल्याकडे २०२३च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असावे, असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीच्या तरतुदींसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली.

त्याच नोव्हेंबरात नाशिक तपोवनातल्या झाडांनी अस्वस्थ होते. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचे, म्हणून तेथील सतराशे-अठराशे झाडांवर कुऱ्हाड येणार होती. महापालिकेने हरकती मागवल्या होत्या. निवृत्त शिक्षक, रिक्षावाले, पहाटे फिरायला जाणाऱ्या बायका, आमच्या महाविद्यालयातली मुले अशी माणसे हरकतीचे अर्ज लिहीत होती, झाडांखाली जमत होती. त्या धांदलीत एका दुपारी संस्थेचा फोन आला. विषय जंगलांचा होता, दूरच्या एका राज्यातल्या. सहाशेपर्यंत पायऱ्या उतरून झाल्यावर मी त्या मुलीला विचारले, "तपोवनाबद्दल संस्थेची भूमिका काय आहे?"

ती थांबली. "मॅडम, तपोवन कोणत्या राज्यात येते?"

मी सांगितले. तिने टंकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे तसा ऑप्शन नाहीये." हे वाक्य मात्र तिचे स्वतःचे होते आणि त्यातली अडचण खरी होती. तू कुठली, असे मी विचारले. कुठूनही फोन करता येतो त्या नोकरीत गाव सांगायची परवानगी नव्हती. तू या संस्थेची सभासद आहेस का, या प्रश्नावर ती पहिल्यांदाच हसली. ती एका कंपनीकडे कामाला होती. त्या आठवड्यात नद्या आणि जंगले, आधीच्या आठवड्यात बालकांचे शिक्षण. दिवसाला अमुक इतके फोन आणि त्यातून अमुक इतके होकार, असा हिशेब होता. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आमच्या मुलीही अशा नोकऱ्या करतात. चार शब्द नीट उच्चारता येणे, एवढे भांडवल आम्ही त्यांना दिलेले असते, ते अशा रीतीने कामी येते. तिच्यावर रागावणे शक्य नव्हते.

मग मी संस्थेला पत्र लिहिले, कागदावर. फोन बंद करावेत; मासिक रक्कम चालू राहील. मात्र संस्थेची घटना, वार्षिक सभेची सूचना आणि गेल्या वर्षी निधी जमवण्यावर किती खर्च झाला त्याचा तपशील सभासद या नात्याने मिळावा. नाशिककराला हे मागणे मुळीच जगावेगळे वाटणार नाही. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा, आमच्या 'सावाना'चा, सभासद वर्गणी भरतो आणि मत मागायला आलेल्या उमेदवाराला उभ्या उभ्या पुस्तक खरेदीचा जाब विचारतो. वर्गणी भरली की जाब विचारता येतो, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही.

उत्तर तीन आठवड्यांनी ई-मेलने आले. फोनबाबतची विनंती नोंदवली होती. खर्चाचा लेखापरीक्षित अहवाल संकेतस्थळावर असल्याचे कळवले होते, आणि तो खरोखरच होता. सभेबद्दलचा खुलासा सौजन्यपूर्ण होता: संस्था विश्वस्त मंडळाकडून चालवली जाते, सहयोगी सदस्यांसाठी सभेची तरतूद नाही, माझ्या पत्रावर मी लिहिलेला सदस्य क्रमांक हा बँकेतील मासिक कपातीचा संदर्भ क्रमांक आहे.

कपात मी थांबवलेली नाही. फोनही त्यानंतर आलेला नाही. तपोवनासाठी दिलेल्या हरकतीची पोचपावती माझ्याकडे आहे. तिच्यावर महापालिकेचा शिक्का आहे आणि माझ्या नावापुढे कंसात 'हरकतदार' असे लिहिले आहे.