दोन वेढे

नेरुळच्या आमच्या ओट्यावर मिक्सर आणि एअर फ्रायरच्या मध्ये एक सहाण असते. देवाच्या गंधाची नव्हे, ती देव्हाऱ्यात. ही गुटीची. मधोमध खोलगट झालेली. तो खळगा पाडण्यात आजीचा, आईचा आणि थोडाफार माझाही हात आहे. शेजारच्या बरणीत वेखंड, हळकुंड, मुरडशेंग आणि एका अंगाने झिजून सपाट झालेलं जायफळ. सपाट भागावर सुपारीच्या खांडासारखी पांढरट-तपकिरी नक्षी दिसते. नखाने दाबलं तर अजून तेलकट लागतं.

आजोळ सावंतवाडीकडचं. पोराला ढाळ लागो, पोट फुगो की झोप न येवो, आजी आईच्या दुधात जायफळ उगाळायची. माप वेढ्यांचं. जायफळ सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. ‘दोनच वेढे गो, तिसरो नको,’ असं ती आईला बजावायची. तिसऱ्याने काय होतं, हे मी एकदा विचारलं होतं. पोर नको इतकं झोपतं, एवढंच उत्तर मिळालं.

सर्दीला कपाळावर लेप, पुरणात जायफळ, श्रीखंडात जायफळ, कोजागिरीच्या दुधात जायफळ, आणि पाहुणे आले की कॉफीत जायफळ. झोप उडवणाऱ्या कॉफीत झोप आणणारं जायफळ घालायचं कुणाला सुचलं असेल, देव जाणे. त्रयोदशगुणी विड्याच्या तेरा जिनसांतही ते असतंच, सोबत जायपत्री. ही जायपत्री म्हणजे त्याच बीवरची लाल जाळी. झाडावर फळ पिकून उकलतं तेव्हा आत काळं चकचकीत कवच आणि त्यावर ही लालभडक जाळी दिसते. वाळली की पिवळट होते आणि बाजारात जायफळाहून महाग विकली जाते.

शाळेत असताना कुठल्याशा पुस्तकात वाचलं की जायफळ मूळचं बांदा बेटांवरचं आणि त्यासाठी तिथे युरोपियनांनी लढाया केल्या. आमच्यासाठी बांदा म्हणजे सावंतवाडीच्या पुढचं, गोव्याच्या वेशीवरचं गाव. तिथे एवढं रक्त सांडलं आणि आजीला त्याचा पत्ताच नाही, याचं मला फार नवल वाटलं. ते बांदा इंडोनेशियातलं, हे पुष्कळ उशिरा कळलं. 1621 साली डचांनी त्या बेटांवरची जवळजवळ सगळी वस्ती मारून, पळवून टाकली, तीही एका झाडाच्या मक्तेदारीसाठी. पुढे जायफळं चुन्यात बुडवून विकली, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे ती रुजू नयेत. ही युक्ती टिकली नाही. फ्रेंचांनी रोपं पळवली, इंग्रजांनी आणखी पसरवली, आणि जायफळ जगभर गेलं. गंमत अशी की आमच्या बांद्यापासून फारशा लांब नसलेल्या दोडामार्ग तालुक्यात, बांबर्ड्याला, जायफळाच्या रानटी भावंडांची दलदल आहे. चिखलात खोडाला टेकू दिल्यासारखी मुळं रोवून उभी असलेली झाडं. 2021 साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. माझा लहानपणचा समज अगदीच वाया गेला नाही, असं तेव्हा मनात आलं.

तिसरा वेढा मात्र मला कॉलेजात कळला. परीक्षेच्या दिवसांत झोप लागेना. आजीचा उपाय आठवला, माप आठवलं नाही. अर्धं जायफळ किसून दुधात घेतलं. तासाभरात काहीच वाटलं नाही, म्हणून उरलेलं अर्धंही घेतलं. जायफळाची खोड अशी की ते लगेच बोलत नाही. तीन-चार तासांनी छातीत धडधड सुरू झाली, जीभ लाकडासारखी कोरडी पडली, भिंती जवळ यायला लागल्या. दुसरा दिवस पडूनच गेला, आणि पेपरही त्याच दिवशी होता. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, आणि पाचेक ग्रॅम पूड, म्हणजे साधारण एक जायफळ, माणसाला असं लोळवायला पुरतं, हे मागाहून वाचलं. मॅल्कम एक्सने तुरुंगात नशेसाठी हेच केल्याचं आत्मचरित्रात लिहिलं आहे. मी ते झोपेसाठी केलं, एवढाच फरक.

लग्नानंतर नवी मुंबईत आले आणि जायफळ वाशीच्या मसाला मार्केटमधून येऊ लागलं. तिथल्या व्यापाऱ्याने शिकवलेली परीक्षा अशी: सुटं जायफळ हाताला जड लागलं पाहिजे, भोक दिसता कामा नये, सुई टोचली तर तेल सुटलं पाहिजे. सालासकट असेल तर कानाशी धरून हलवायचं. आत बी खुळखुळली म्हणजे नीट वाळली. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळीच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी लावून ‘लाखी बाग’ रुजवल्यापासून कोकणी मालही दिसतो. पण बियांपासून वाढवलेलं झाड नर की मादी, हे फुलायला लागेपर्यंत कळत नाही, त्यात सहासात वर्षं जातात आणि नर झाडाला फळ धरत नाही. म्हणून आता मादीची कलमं बांधतात.

मुलीला बाळ झालं तेव्हा मी बरणी काढली, सहाण उकळत्या पाण्यातून काढली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. गुटीचं तर नाव नको. मला राग आला. रात्री सहाणेकडे बघत बसले आणि आठवलं, ते ‘तिसरो नको’. धोका आजीला ठाऊक होता, त्यावर उपाय मात्र तिच्या मनगटातच होता. एका जायफळात तेल किती, दुसऱ्यात किती, आत बुरशी धरली आहे का, हे मला उगाळताना कसं कळणार? आजीचा हात मला मिळाला नाही. मी डॉक्टरांच्या बाजूने गेले.

नातू आता दीड वर्षाचा आहे. वाशीहून आणलेली सालासकट दोन जायफळं मी स्टीलच्या डबीत घातली, झाकण दोऱ्याने घट्ट बांधलं. तो ती दोन्ही हातांनी धरून खुळखुळवतो, मध्येच थांबून कानाशी नेतो, आणि पुन्हा खुळखुळवतो.