कुऱ्हाडीची सही

कॅनडाच्या पूर्वेकडे क्युबेक हा प्रांत आहे. इथल्या बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच. क्युबेक शहरातून सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठाने निघाले, की ८३ मीटर उंचीचा मोंमोरान्सी धबधबा लागतो आणि पुढे बोप्रेचा सुपीक काठ सुरू होतो. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला नदी आणि समोर ओर्लेआँ बेट. टेकडीच्या पोटात दगडी तोंडाची जुनी तळघरे दिसतात. हिवाळ्यात कंदमुळे गोठू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी ती बांधली.

इथली शेते मात्र पाहण्यासारखी. प्रत्येक शेत म्हणजे नदीपासून मागे रानाकडे गेलेली लांबच लांब पट्टी. रुंदीच्या दहापट लांबी ही नेहमीचीच. पूर्वी रस्ते नव्हते, नदी हीच वाट. तेव्हा प्रत्येकाला नाव लावायला काठ मिळावा आणि शेजारी हाकेच्या अंतरावर असावा, अशी ही वाटणी झाली.

याच काठावर शातो-रिशे गाव आहे. फ्रान्सच्या पर्श भागातील मोर्तान्यचा झाखारी क्लुतिए हा सुतार १६३४ साली समुद्र ओलांडून इकडे आला. आधी जवळच्या बोपोर इथे त्याने जमीनदाराकडे कराराने काम केले, मग शातो-रिशेला तो स्थिरावला. क्लुतिए म्हणजे खिळे घडवणारा. या गड्याला लिहिता येत नव्हते. सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचे चित्र काढी. १६७७ साली तो शातो-रिशेलाच वारला.

मग अशा निरक्षर माणसाचे कूळ आजच्या शेतकऱ्याला सापडते कसे? चर्चच्या वह्यांमुळे. पाद्री प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवीत. लग्नाच्या नोंदीत बहुधा नवरानवरीच्या आईवडिलांची नावे असत. शोधणारा आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करतो. त्यात पणजोबा-पणजीची नावे मिळतात. मग त्यांच्या लग्नाची नोंद काढायची. अशा दहा-बारा पायऱ्या उतरल्या, की बोटीतून उतरलेला पहिला पुरुष भेटतो.

वाट अगदी सरळ नाही. १६४० साली क्युबेकचे चर्च जळाले, वह्याही गेल्या. तेव्हा लोकांच्या आठवणींवरून नोंदी पुन्हा लिहून काढल्या. पुढे प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती ठेवण्याचा दंडक आला. १७५९ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सैन्याने हा काठ जाळला, पण माणसे परतली आणि पुन्हा नांगर धरला. आणखी एक अडचण टोपणनावांची. ‘हुदों ऊर्फ बोलिय’ अशी जोडनावे पुष्कळ असत. एका भावाची मुले पहिले नाव लावीत, दुसऱ्याची दुसरे. म्हणून दोन्ही नावे तपासावी लागतात.

या वह्यांचा मोठा गुण असा, की लग्न झालेल्या बाईचेही माहेरचे नाव त्यांत टिकते. झाखारीची बायको सेंत द्युपाँ कागदोपत्री द्युपाँच राहिली. त्यामुळे बापाच्या वाटेने जसे मागे जाता येते, तसेच आईच्या, आजीच्या वाटेनेही. मोंत्रेयाल विद्यापीठातील अभ्यासकांनी १८०० सालापर्यंतचे या जोडप्याचे वंशज मोजले, ते १०,८५० भरले. यात लेकींची लेकरेही आली.

म्हणूनच क्लुतिए आडनाव नसलेल्या कितीतरी घरांत कोणीतरी आजीचा माग काढत बसतो आणि शेवटी त्याला ती कुऱ्हाड सापडते. आडनाव बापाचे चालले, तरी कुळाची निम्मी मुळे आईकडेच असतात. ज्यांनी त्या बायांची नावे वहीत उतरवली, त्यांच्यामुळे ती मुळे मातीत हरवली नाहीत.

वाचकहो, आपल्या पणजीचे माहेरचे नाव घरात कोणाला आठवते का? आठवत असेल, तर आजच कुठेतरी लिहून ठेवा.