घसारा

एखाद्या गावात पैसा किती आला हे पाहायला सातबारा काढायची गरज नसते. जमिनी पाहाव्यात. शेतातल्या नव्हेत, पायाखालच्या.

आमच्या सांगवीचंच घ्या. बारामती तालुक्यात, नीरेच्या काठी हे गाव. नदी ओलांडली की सातारा जिल्हा आणि फलटण. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीवरून जाते, ज्ञानोबांची फलटणवरून जाते आणि आम्ही सांगवीकर मधोमध बसून दोन्हीकडचं थोडं थोडं पुण्य गोळा करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा झाला. कालव्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले आणि कारखान्याच्या बिलामागून फरशी आली. माझ्या आजीच्या घरात शेणानं सारवलेली जमीन होती. वडिलांनी शहाबादी घातली. काकांनी एक पाऊल पुढं जाऊन मोझाइक घातलं. माझ्या घरात आता व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि पावसाळ्यात आमच्याकडे आलेले पाहुणे उभे कमी आणि आडवे जास्त असतात.

जमिनी बदलल्या, पण त्या साफ करणारीची बैठक बदलली नाही. आजी सारवायची ती उकिडवी बसून. आई शहाबादी घासायची तीही उकिडवी बसूनच. हातात नारळाची शेंडी आणि तोंडात आम्हा मुलांचा उद्धार. आमची ही लांब काठीचा मॉप वापरते, पण कोपऱ्यातल्या डागापाशी आली की शेवटी गुडघे टेकतेच. मी पुसतो का, असा प्रश्न काही वाचक भगिनींच्या मनात आला असेल. आपण विषयाकडे वळू.

फरशी घासणारं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते काकांच्या घरी. मोझाइकच्या लाद्या नुसत्या बसवून भागत नाही. त्या घासाव्या लागतात, तेव्हा कुठं आतली खडी वर येऊन हसायला लागते. त्यासाठी एक अवजड धूड येतं. त्याच्या पोटाखाली घासायचे दगड असतात. आधी भरड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक. खाली पाणी ओतत राहायचं आणि राखाडी चिखलात पाय रोवून ते धूड आवरत राहायचं. त्या घरघराटात मी दहावीचा अभ्यास केला. पुढं मी कॉमर्सला का गेलो, याचं उत्तर ज्यांना हवं असेल त्यांनी तो आवाज आठ दिवस ऐकावा.

ते धूड लादी घडवायचं. लादी नुसती धुणारं, पुसणारं यंत्रही असतं, हे आमच्या घराण्याला कळायला २०२२ साल उजाडलं. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्याची मेट्रो सुरू झाली. माझा मावसभाऊ ती पाहायला गेला आणि मेट्रो सोडून स्टेशनातली फरशी पुसणारं यंत्रच पाहत उभा राहिला. याचं कारण असं की, फलटण रस्त्याला त्यानं नुकतंच मंगल कार्यालय बांधलं होतं आणि हॉलभर फरशी घातली होती. दुपारी साडेबाराचं लग्न उरकायचं आणि संध्याकाळी सहाला दुसऱ्या पार्टीचं रिसेप्शन. मधल्या वेळात जिलबीचा पाक, मठ्ठा, तेलाचे ओघळ आणि वऱ्हाडाच्या पायांनी आलेला अर्धा सांगवी शिवार, एवढं सगळं चार बायका ओल्या फडक्यांनी काढायच्या. त्या चौघींची म्होरकी आक्का. वय विचारलं तर ती सांगायची, "कालव्याला पाणी सुटलं तवाचा जल्म." पण कालव्याला पाणी दरसाल सुटतं.

"दादा, तू बँकेत आहेस. तुला कोटेशनं वाचता येतात," असं म्हणून मावसभावानं मला पुण्याला नेलं. बँकेतल्या माणसाला सगळं कळतं, हा समज खेड्यात अजून शाबूत आहे. आम्हीही तो मोडत नाही.

दुकानातल्या टायवाल्या मुलानं एकेक यंत्र दाखवायला घेतलं. पहिलं सिंगल डिस्क. उभा दांडा आणि खाली एकच गोल ब्रश. मिनिटाला दीडशेच्या वर गरके घेतो. हे यंत्र ढकलायचं नसतं. दांडा किंचित उचलला की ते उजवीकडे सरकतं, किंचित दाबला की डावीकडे. नवख्या माणसाला हे पटत नाही, तो ढकलतोच. मावसभावानं ढकललं. यंत्रानं त्याला दुकानाच्या मध्यापासून काचेच्या दारापर्यंत फरफटत नेलं आणि टायवाल्यानं वायर उपटली म्हणून थांबलं. डाग मात्र उत्तम काढतं. ब्रशाच्या जागी जाळीदार पॅड लावता येतात. त्यांचा नियम सोपा: रंग जितका गडद, तितका स्वभाव कडक. काळं पॅड जुनं पॉलिशसुद्धा खरवडून काढतं, हिरवं घासतं, लाल हलकेच पुसतं, पांढरं नुसतं गोंजारून चमक आणतं. आमच्या शाखेतल्या साहेब लोकांनाही असे रंग दिलेले असते तर रजेचा अर्ज कधी न्यावा हे कळलं असतं.

सिंगल डिस्कची खोड अशी की, ते घासतं, पण पाणी तिथंच सोडून जातं. ते ओढायला वायपर घेतलेला माणूस मागं हवाच. दुसरं यंत्र बर्निशर. हे मिनिटाला हजाराच्या वर फिरतं, पण नुसती चकाकी आणण्यासाठी, तेही कोरडं. लग्नाच्या हॉलला याचा उपयोग नाही. वर नवरदेवाची आत्या घसरून पडायची.

तिसरं पाहिलं आणि माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. त्याचं नाव ऑटो स्क्रबर. त्याच्यामागून चालायचं. त्याला दोन टाक्या. एका टाकीतून साबणाचं पाणी खाली येतं, ब्रश घासतो, मागची रबरी पट्टी ते पाणी गोळा करते आणि पंखा ते शोषून दुसऱ्या टाकीत भरतो. म्हणजे एक टाकी नावे, दुसरी जमा. काम संपल्यावर दोन्हींचा मेळ घ्यायचा. स्वच्छ पाण्याच्या मानानं मळकं फारच कमी भरलं, तर बाकीचं फरशीवर राहिलं आणि रबरी पट्टी झिजली असं समजावं. इतकी सरळ बॅलन्सशीट मी उभ्या नोकरीत पाहिलेली नाही. आमच्याकडे मार्चअखेर रात्री अकरापर्यंत बसून एक रुपया सत्तर पैसे शोधतात.

बाकी पथ्यं पुष्कळ. फेस कमी होणारा साबणच घालायचा, नाहीतर फेस चढून पंखा जातो. मळकी टाकी रोज धुऊन उघडी ठेवायची, नाहीतर सकाळी कार्यालयात वेगळ्याच विधीचा वास येतो. बॅटरी रात्रभर चार्ज करायची. आणि शहाबादी किंवा कोटा फरशीला ॲसिड लावायचं नाही. हे दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिड त्यांना खातं. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की पहिली आठवण ॲसिडच्या बाटलीचीच होते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. लिंबाचा रस सांडून राहिला तरी त्या जागेची चमक जाते. याहून मोठी यंत्रंही होती. त्यांवर ड्रायव्हरसारखं बसून चालवायचं. ती विमानतळासाठी आणि कारखान्यांसाठी. मावसभाऊ त्यावर बसून आला. किंमत ऐकून उतरला.

लग्नसराईत टायवाला प्रात्यक्षिकासाठी ऑटो स्क्रबर घेऊन सांगवीला आला. लग्न नुकतंच लागलेलं. यंत्र ऐटीत दहा फूट गेलं आणि मागं पाण्याचे पट्टे उमटू लागले. उलटं करून पाहिलं, तर रबरी पट्टीखाली अक्षता अडकलेल्या. मेट्रो स्टेशनात कुणी अक्षता टाकत नाही, हे बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आधी झाडून न्हाई घ्यायचं व्हय?" आक्का खांबाला टेकून म्हणाली.

टायवाला वरमला. दुसऱ्या खेपेला त्यानं लाटण्यासारखे आडवे ब्रश असलेलं मशीन आणलं. हे ब्रश बारीकसारीक कचरा उचलून मागच्या ट्रेमध्ये टाकतात. अक्षतांचा प्रश्न मिटला. पत्रावळ्या आणि फुलांसाठी झाडू राहिलाच.

मावसभाऊ तेवढ्यात हिशेबाला बसला होता. चौघींची मजुरी वाचते, मशीन आपला भाचा चालवील, हप्ता सुटतो. भाचा तेव्हा मोबाइलमध्ये होता. आक्कानं हातातलं फडकं बादलीत टाकलं, मशीनचा दांडा धरला आणि टायवाल्याला म्हणाली, "कुठलं बटन?" पुढचं सांगायला नको. सरळ ओळ धरून ती त्या टोकाला गेली, वळली आणि आधीच्या ओळीवर चार बोटं चढवून परत आली. मध्ये एकही पट्टा कोरडा राहिला नाही. टायवाल्यानं असं चालवायला शिकवायचं दोन दिवसांचं ट्रेनिंग कोटेशनमध्ये लिहिलं होतं.

"ह्ये तर सायकल कोळपं हाय," ती म्हणाली. "भुईमुगात चालवलंय की."

मावसभावानं माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. कागदावर शेवटचा रकाना भरत होतो, घसारा. आम्हा कॉमर्सवाल्यांचा हा लाडका शब्द. यंत्र वापरलं की झिजतं. ती झीज दरवर्षी पैशात मांडून खर्चात धरायची. आयकराच्या हिशेबात अशा यंत्राला दरसाल १५ टक्के, तेही उरलेल्या किमतीवर. त्यामुळे यंत्र कागदावर कधीच पुरतं मरत नाही. आक्कानं विचारलं म्हणून हे मी तिला जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग गुडघा चोळत म्हणाली, "आन् माज्या गुडघ्याचा किती धरलाय?"

वीस वर्षं मी हे आकडे लिहितो आहे. त्या नावाचं खातं आमच्याकडे नाही. मी मावसभावाला एवढंच म्हणालो की, अडीच लाखाचं मशीन भाच्याच्या हातात देणार असशील तर बँकेनं दोन जामीन मागावेत. तो हसला, पण त्याला ते लागलं.

मशीन आलं. आक्का ते चालवते. मजुरी वाढवून घेतल्याशिवाय तिनं चावी हातात घेतली नाही. स्टेजच्या पायऱ्या, खांबांची बुडं आणि कोपरे यांत ते मशीन शिरत नाही, म्हणून दोघी अजून फडक्यावर आहेत. चौथीला काम उरलं नाही. ती उसात खुरपायला जाते. मावसभाऊ म्हणतो, तिथं रोज बरा मिळतो. मिळतही असेल. पण खुरपणंही उकिडवंच.

परवा बाजाराच्या दिवशी आक्का बारामतीला आमच्या शाखेत आली. पासबुक भरून घेतलं, रक्कम दोनदा वाचायला लावली. मग काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "मशीनचं हप्तं किती ऱ्हायलं?"

दुसऱ्याच्या कर्जाची माहिती देता येत नाही, असं मी सांगितलं.

"नगा सांगू. फिटलं की कळीवा मातुर." पासबुक पिशवीत घालत ती म्हणाली, "त्ये बसून चालवायचं असतंय न्हवं एक, पुण्याला? म्हंजे मालकाच्या कानावर घालाया."

आमची शाखा पहिल्या मजल्यावर आहे. जिना उतरताना ती कठडा धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. तेवढ्यात माझ्या खिडकीपाशी चलनं घेऊन तिघं उभे राहिले होते.