पंपावरचा आकडा

मला दमा आहे. मी पहिलीत होते तेव्हापासून आहे. दम्यात छातीतल्या श्वासनळ्या आतून सुजतात आणि आवळतात. मग श्वास सोडताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. दमा सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून माझ्याजवळ बसायला कुणी भिऊ नये.

माझ्याकडे दोन पंप आहेत. एक निळा. धाप लागली की तो घ्यायचा. त्याने आवळलेल्या नळ्या लवकर मोकळ्या होतात. दुसरा रोजचा. त्याने नळ्यांची सूज हळूहळू उतरते. तो घेतल्यावर लगेच काहीच वाटत नाही. तिथेच माझी चूक झाली. तीच मी आज लिहिणार आहे.

१६ जूनला बाबांनी रोजचा नवा पंप आणला. आईची एका दिवसाची खुरपणीची मजुरी त्यातच गेली. पंपाच्या मागे एक लहान खिडकी आहे. तिच्यात २०० हा आकडा होता. एक फवारा घेतला की आकडा एकने कमी होतो. मला सकाळी एक आणि रात्री एक फवारा सांगितला होता.

पहिले काही दिवस आई जवळ उभी राहायची. मग खुरपणी निघाली. ती सकाळी लवकर वावरात जायची आणि संध्याकाळी दमून यायची. पावसाळ्यात मला एकदाही धाप लागली नाही. मी कबड्डीसुद्धा खेळले. मला वाटले, आता दमा गेला. आजीही म्हणायची, "लेकी, सारखा पंप ओढला तर सवय लागंल." मग मी तो घ्यायचे सोडून दिले. रात्री आई विचारायची, "घेतलास का गं?" मी म्हणायचे, "हो."

दसऱ्यानंतर आमच्या सोयाबीनची मळणी झाली. मशीनचा धुरळा सगळीकडे उडत होता. मी तिथेच पोत्यांजवळ खेळत होते. रात्री मला धाप लागली. निळा पंप घेतला. थोडे बरे वाटले, पण पुन्हा धाप सुरू झाली. मला आडवे होता येईना. एक वाक्य पुरते बोलता येईना. बाबांनी शेजारच्या काकांची मोटारसायकल आणली. आई मला मागून धरून बसली. दवाखाना अकरा किलोमीटर आहे. त्या रात्री तो फार लांब वाटला.

दवाखान्यात तोंडाला मास्क लावून वाफेसारखे औषध दिले. पहाटे मला नीट श्वास घेता आला. डॉक्टरबाईंनी विचारले, "रोजचा पंप घेते का?" आई म्हणाली, "घेते ना, दोन्ही टाइम." बाईंनी पंप उलटा करून पाहिला. आकडा होता १४२. त्यांनी कागदावर गणित केले. २०० वजा १४२ म्हणजे ५८. ५८ भागिले २ म्हणजे २९ दिवस. त्या म्हणाल्या, "२०० फवारे १०० दिवस पुरतात. हा पंप २३ सप्टेंबरलाच संपायला हवा होता."

मी मान खाली घातली. आई मला रागावली नाही. ती नुसती त्या आकड्याकडे बघत राहिली. घरी येताना म्हणाली, "मी रोज विचारलं, पण कधी बघितलं नाही." मला रडू आले. खोटे मी बोलले आणि चूक तिने आपल्यावर घेतली.

डॉक्टरबाईंनी सांगितले की या पंपाची सवय लागत नाही. औषध अगदी थोडे असते आणि ते थेट छातीत जाते. बरे वाटते ते औषध चालू असल्यामुळे. ते कमी करायचे की बंद करायचे, हे दवाखान्यात विचारूनच ठरवायचे.

आता पंप मंजनाच्या डबीजवळ ठेवला आहे. आधी पंप हलवायचा, मोठ्या नळीला लावायचा, एकदा दाबायचा आणि हळू श्वास आत घ्यायचा. मग श्वास धरून मनात दहापर्यंत मोजायचे. शेवटी चूळ भरायची, नाहीतर तोंड येते. मी आकडा मोठ्याने वाचते. आजीला वाचता येत नाही. ती भिंतीवर कोळशाने रेघ ओढते. मी विसरले तर आजीच ओरडते, "आज माझी रेघ राहिली गं!"

मे महिन्याचा पहिला मंगळवार हा जागतिक दमा दिन असतो, असे गुरुजींनी सांगितले. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून मी हे आत्ताच लिहिले.

मित्रमैत्रिणींनो, निळा पंप माझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. मला धाप लागली तर तो मला द्या आणि गुरुजींना बोलवा. तुमच्या घरी कुणाला दमा असेल तर त्यांना नुसते विचारू नका, आकडा बघा.

काल रात्री माझ्या पंपावरचा आकडा ८६ होता. दवाखान्यातून आल्यावर १४२ पासून मी पुन्हा सुरुवात केली होती. किती दिवस झाले ते तुम्हीच काढा. उद्या मी मागच्या खेपेच्या पुढे जाईन.

– इयत्ता ४ थी