गरी, तंगूस, राख

सावित्रीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात पोराला पहिला मोठा मासा लागायचा तेव्हा भोवती जे जे असायचं, त्यातलं काही.

गरी. वाण्याकडे सुयांशेजारच्या बरणीत मिळायची, कागदाच्या पुडीत. तंगूस मुंबईहून कुणीतरी आणलेली.

गांडुळं. गोठ्यामागचा उकिरडा उकरला की करवंटी भरायची. गुरं विकली, खत गोणीतून येऊ लागलं.

काठी. बांबूचं बेट अजून आहे. तोडणारी पोरं विरारला.

वळगण. पहिला जोराचा पाऊस झाला की शिंगटी, खवली नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्यात आणि तिथून थेट भातखाचरात चढायची, अंडी घालायला. रात्री इरली घेऊन, चुडी पेटवून अख्खं गाव बांधावर. पाग, टोपल्या, नाहीतर नुसता कोयता. माशांची पोटं गाभोळीने टम्म. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते. आमच्याकडे नेमकी तेव्हाच चंगळ. तरी मासे पुढच्या पावसात यायचे. मग नदीवर बंधारे झाले, खाचरं पडीक राहिली, उरलेल्यांत तणनाशक आलं. पऱ्यात सिमेंटचा नळ घालून वरून रस्ता गेला. नळाचं तोंड पाण्याच्या वीतभर वर. शिंगटीला ती वीत चढवत नाही.

मरळ. ही हवा घ्यायला वर येते, म्हणून डबक्यातली तिची जागा कळते. पावसाळ्यात पिल्लांचा तांबडा घोळका पाण्यावर फिरतो आणि मोठी मरळ खाली राखण करते. जाणता माणूस गरीला जिवंत बेडकी लावून ती त्या घोळक्यातच सोडतो. मरळ तेव्हा भुकेने नाही, रागाने गरी घेते. माझी पहिली मोठी मरळ अशीच लागली. तंगूस बोटात रुतली. काका ओरडले, "ओढू नको रे, मागं मागं चाल!" बांधावर आली तरी ती गवतातून सरपटत पाण्याकडेच निघाली, शेवटी मी तिच्यावर पालथा पडलो. पिल्लांचं पुढं काय झालं, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

वीत. मासा विती लावून मोजायचा आणि मोजणारा नेहमी लहान हाताचा निवडायचा.

वाटा. शेजारी वाडगा गेलाच पाहिजे. फ्रिज आल्यावर तो हळूहळू थांबला.

राख. मरळ बुळबुळीत, आजी चुलीतली राख चोळून मगच विळीवर धरायची. गॅस आला, राख संपली. चूल फुंकून डोळे गेलेल्या आजीने तिच्यासाठी गळा काढला नसता.

या यादीत न बसणारे मासे महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत आहेत. देवीचे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. आमच्या भागात एवढे मोठे मासे पोरांना दिसतात ते आता तिथेच, चुरमुरे टाकताना.

गळाला हल्ली बहुतेक चिलापीच लागते. ती १९५२ साली बाहेरून भारतात आणलेली; गढूळ पाण्यातही तिचं छान चालतं.

मरळ बाजारात आजही जिवंत मिळते. प्लास्टिकच्या टबात, शेततळ्यातली, किलोवर. साफ करूनही देतात.