मार्फत

पत्त्यात ‘मार्फत’ लिहिण्याची रीत आता जवळजवळ संपली. शिकायला शहरात आलेल्या मुलाचे पत्र घरमालकाच्या मार्फत येई; पत्ता दुसऱ्याचा, पत्र आपले. ई-मेलच्या बाबतीत आपण बहुतेक जण अजून असेच भाडेकरू आहोत. पत्त्याचा उत्तरार्ध कोणत्यातरी कंपनीचा, नाहीतर नोकरी देणाऱ्या संस्थेचा. एका संस्थेने मेलची व्यवस्था बदलून जुने पत्ते बंद केले, तेव्हा माझ्या माजी विद्यार्थ्यांची पत्रे ‘असा पत्ता नाही’ या शेऱ्यानिशी परत गेली. त्यांत प्रबंधांची प्रकरणेही होती.

म्हणून स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले. (२०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन मिळते. मोह झाला, पण देवनागरी पत्ता सगळेच मेल-सर्व्हर स्वीकारत नाहीत. मराठीच्या अध्यापकाने रोमन लिपीत राहावे, हे काही बरे नव्हे.) ‘घेतले’ हे क्रियापद तसे फसवेच. डोमेन ठरावीक मुदतीपुरते मिळते. नूतनीकरण राहिले तर पुढे ते दुसरा कोणी घेतो आणि आपली पत्रेही त्याच्या हाती पडतात.

पुढची युक्ती मात्र सुंदर आहे. डोमेनच्या नावासोबत एमएक्स नावाची एक नोंद असते. १९८६ मध्ये रूढ झालेली ही नोंद ‘या नावाची पत्रे अमुक सर्व्हरकडे द्या’ एवढेच सांगते. तिथे फॉरवर्डिंग करणाऱ्याचे नाव घालायचे. तो पत्र घेतो आणि आपल्या नेहमीच्या पेटीकडे धाडतो. उद्या पेटी बदलली तरी लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अडचण येते ती विश्वासाची. आपल्या नावाने पत्रे कोणी पाठवावीत, याची यादी प्रत्येक डोमेन जाहीर करू शकते; तिला एसपीएफ म्हणतात. मधल्या माणसाचे नाव त्या यादीत नसते. त्यामुळे प्रामाणिकपणे पुढे धाडलेले पत्रही शेवटच्या दारात तोतयाचे ठरू शकते. त्यावर उपाय म्हणून मध्यस्थ लिफाफ्यावरचा प्रेषक बदलतो, आतले नाव तसेच ठेवतो. डीकेआयएम ही दुसरी खूण मजकुरावर उमटवलेल्या मोहरेसारखी असते. मध्यस्थाने खाली स्वतःची एखादी ओळ जोडली तरी ती सहसा तुटते. हस्तलिखितांचे पाठभेद शिकवणाऱ्याला अशा काटेकोर लेखनिकाचे कौतुक वाटणारच.

परवा एका विद्यार्थिनीचे प्रकरण नव्या पत्त्यावर आले. उत्तर साहजिकच मूळ पेटीच्या नावाने गेले, कारण फॉरवर्डिंग हा एकेरी रस्ता आहे; डोमेनच्या नावाने पाठवण्यासाठी वेगळी सोय करावी लागते. तिने विचारले, “सर, यापुढे नक्की कोणत्या पत्त्यावर लिहू?”